सायरनच्या जागी

माझ्या भावाचा डावा कान फुटला तेव्हा साऊंड चालूच होता.

ही गेल्या वर्षीची, एप्रिलमधल्या मिरवणुकीची गोष्ट. आखाडा बाळापूरच्या रस्त्यावरून फाट्याला आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात आमच्या समाजाच्या दोन गल्ल्या आहेत, वरची आणि खालची. दोन्हीकडचे लोक एकाच विहारात वंदना म्हणतात आणि एकमेकांत लेकी देतात-घेतात. साऊंडच्या गाड्या मात्र दोन. वरच्या गल्लीचा साऊंड माझा थोरला भाऊ चालवतो. खालच्या गल्लीचा साऊंड चालवणारा त्याच्याच वर्गात शिकलेला. त्याला सगळे ऑपरेटरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. दोन्ही मिरवणुका चौकात पाण्याच्या टाकीखाली समोरासमोर येतात आणि तिथं कॉम्पिटिशन लागते. गाड्या तोंडाला तोंड देऊन उभ्या करायच्या, आवाज पूर्ण सोडायचा, आणि ज्याचा आवाज दबला तो हरला.

तो ट्रॅक मला अजून पाठ आहे. कुणीतरी मोबाईलवर उतरवून घेतलेला होता. सुरुवातीला सायरन. मग एक जाड्या आवाजाचा माणूस हिंदीत दम देतो. मग पोटात गुद्दे बसावेत तसे बेसचे दणके. मग परत सायरन, आधीपेक्षा चढ्या पट्टीत. परत दम, परत दणके. समोरच्या गाडीवरही असलंच काहीतरी चालू होतं, फक्त सायरन वेगळा. गाड्यांच्या मधल्या जागेत पोरं नाचत होती. नाचता नाचता खांद्याला खांदे लागायला लागले. मग ढकलाढकली झाली. कुणाच्या तरी हातातला बांबू कुणाच्या तरी तोंडावर बसला आणि त्याचे पुढचे दात हातात आले. रस्त्याच्या कामासाठी टाकीजवळ खडी टाकलेली होती, ती उडायला लागली. भावानं गाडीवरून उडी मारली. ऑपरेटरला गळ्याला धरून त्यानं टाकीच्या खांबावर आदळलं, परत आदळलं. तेवढ्यात ऑपरेटरच्या हाताला जनरेटरपाशी पडलेला लोखंडी पाईप लागला. तो त्यानं डोळे मिटून फिरवला.

मी टाकीच्या पायऱ्यांवर बायकांमध्ये उभी होते. पाईप लागल्याचा आवाज मला आला नाही, कारण सायरन वाजत होता. भाऊ एका अंगावर बसला आणि कानाला लावलेल्या हाताकडे बघायला लागला, एवढं दिसलं. रक्त त्याच्या बोटांमधून कोपरापर्यंत उतरलं.

माझी माय त्याच्याकडे धावली नाही, ती जनरेटरकडे धावली. बटण कुठलं ते तिला माहीत नव्हतं. तिनं वायरीच मुठीत धरून उपटल्या. आमचा साऊंड बंद पडला. मग ती तशीच दगडांतून समोरच्या गाडीकडे गेली आणि तिथल्याही वायरी ओढल्या. तिथं तिला शॉक बसला. ती मागे फेकली गेली, पण आवाज बंद झाला.

आणि लोक थांबले. दगड हातात तसेच राहिले. आमच्या गल्लीतलं एक पोरगं खालच्या गल्लीतल्या एकाच्या छातीवर बसलं होतं, मूठ वर उचललेली. ते खालच्याच्या तोंडाकडे बघतच राहिलं.

"अय, उठ की अंगावरून," खालचा म्हणाला.

"व्हय," म्हणून ते उठलं, आणि त्यानं त्याला हात देऊन उठवलंसुद्धा.

भावाच्या कानाचा पडदा गेला होता. त्या बाजूनं आता ऐकू येणार नाही असं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या गाडीत भाऊ कापसाचा बोळा धरून खिडकीशी बसला होता. तो एवढंच बोलला, "पुढच्या साली त्याचे दोन्ही घेतो मी." वर्षभर त्यानं हे वाक्य खाली ठेवलं नाही.

इथं मला माझ्या मामाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढं जे झालं ते त्याच्याकडून शिकलेल्या गोष्टीवरून झालं. मामा आमच्या शेजारीच राहतो. तो गायन पार्टीचा मुख्य गायक होता. पेटी, ढोलक, बँजो आणि मागं कोरस असा त्यांचा ताफा. हट्ट्यापासून कळमनुरीपर्यंत त्यांचे कार्यक्रम व्हायचे, पण खरी गर्दी सामन्याला जमायची. सामना म्हणजे दोन स्टेजवर दोन पार्ट्या. एकीनं गाणं टाकायचं आणि दुसरीनं त्याला जबाब द्यायचा. मामाचा कायमचा विरोधक खालच्या गल्लीतलाच होता, ऑपरेटरचा बाप. तो वारला त्याला बरीच वर्षं झाली.

मामाच्या घरी तालीम चालायची आणि तालमीत मार पडायचा. ढोलकवाल्याच्या पाठीत लाथ, कोरसवाल्यांच्या कानाखाली. मी पेटीवर बसायचे. सूर चुकला की पेटीचं झाकण बोटांवर यायचं. माझ्या उजव्या करंगळीचं नख अजून वाकडं उगवतं.

"लेकराची बोटं तोडतो काय?" माय त्याच्याशी भांडायची.

"तोडायची असती तर पेटी काहून दिली असती?" मामा म्हणायचा.

माराशिवाय मला हे लवकर आलं असतं, असं माझं आता ठाम मत आहे. मी शाळेत शिकवते आणि कुणाच्या बोटाला हात लावत नाही. पण मामा जे सांगायचा ते मात्र मी टाकून दिलेलं नाही. मुखडा दुसऱ्यांदा आला की लोकांनी आपल्याबरोबर म्हटला पाहिजे, नाहीतर तो फेकून द्यायचा. अंतरा वर चढवायचा, पण चढवतानाच उतरायची वाट बघून ठेवायची. आणि सामन्याचा त्याचा एक कायदा होता. जबाब देण्याआधी समोरच्याचा मुखडा उचलायचा. त्याच्याच पट्टीत, नीट, वेडावून न दाखवता. मग आपला जबाब जोडायचा, आणि शेवटी त्याचा मुखडा त्याला परत करायचा.

"त्याची भाकर त्याच्या ताटात ठिवायची," मामा म्हणायचा. "खाईल न्हाईतर फेकंल, ते त्याचं तो बघंल."

हा कायदा मोडला की काय होतं ते मी लहानपणी पाहिलं होतं. बाहेरून आलेल्या एका पार्टीनं मामाचा मुखडा मुद्दाम बेसूर करून म्हटला. त्यांचं कडवं संपायच्या आत स्टेजवर खुर्च्या येऊन पडल्या. त्यांच्या ढोलकाच्या दोन्ही बाजू कुणीतरी सुरीनं फाडल्या, आणि पेटीवाल्याचं मनगट पायाखाली तुडवलं गेलं. त्या वेळी मामानं स्वतः मध्ये पडून त्यांना गाडीत बसवून दिलं होतं, आपल्याकडच्याच दोन-तीन जणांना थोबाडून.

बारावीनंतर मी हिंगोलीला बीएला गेले. घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. विषयांत संगीत घेतलं तेव्हा भाऊ म्हणाला, "गाणं घरी फुकट हाय, कॉलेजात काहून?" तरीही तोच मला मोटरसायकलवर बाळापूरला नेऊन हिंगोलीच्या बसमध्ये बसवून द्यायचा. संगीताच्या मॅडम देवळात पूजाअर्चा करणाऱ्या घरातल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नख पाहिलं.

"हे कसं झालं?"

"मामा. पेटीचं झाकण."

"आमच्याकडे बाबा तबल्याची हातोडी फेकायचे," मॅडम म्हणाल्या. "नेम चांगला होता."

त्यांनी त्यांची जुनी पेटी मला दिली ती परत मागितली नाही. कॉलेज सुटल्यावर त्या मला घरी बसवून शिकवायच्या आणि जेवायला घातल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मी आज जी आहे त्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. मामानं ज्या गोष्टी शिव्या देऊन सांगितल्या होत्या त्यांची नावं मला मॅडमकडे कळली. ताल फिरून ज्या मात्रेवर परत येतो ती सम, आणि तो एक फेरा म्हणजे आवर्तन. एक लहानशी ओळ हळूहळू वाढवत नेतात ती बढत. मला घाई असायची, सगळं एकदम गाऊन टाकावं वाटायचं. मॅडम म्हणायच्या, "पहिल्याच आवर्तनात सगळं फेकलंस तर पुढं काय करशील? भांडशील."

आता मी हिंगोलीतच एका शाळेत संगीत शिकवते. जोडीला जुन्या लॅपटॉपवर स्नेहसंमेलनांचे ट्रॅक, लग्नाची गाणी, दुकानांच्या जाहिराती असं बनवते. या लॅपटॉपच्या कामाची मला आधी मनातून थोडी लाज वाटायची. एक ठेका पकडायचा आणि तो यंत्राकडून हवा तितका वेळ वाजवून घ्यायचा, यात संगीत कुठलं, असं वाटायचं. पण करता करता लक्षात आलं की यंत्रालाही सम दाखवावी लागते. कुठं वाढायचं आणि कुठं थांबायचं हे त्याला कळत नाही, ते माणसानंच ठरवायचं असतं.

या वर्षी उन्हाळा लागताना भाऊ माझ्या खोलीवर आला. पाणीसुद्धा प्यायच्या आधी त्यानं काम सांगितलं.

"ट्रॅक बनवून दे. उतरवलेला नको. घरचा पाहिजे."

"कसला?"

"समोरच्याची छाती फाटली पाहिजे असला. अन् मधी सायरन टाक. सायरन वाजला की आपली पोरं उतरतील."

"उतरून काय करतील?"

मी त्याच्या डाव्या बाजूला बसले होते. त्याला ऐकू आलं नाही की त्यानं ऐकून घेतलं नाही, ते मला कळलं नाही.

त्या रविवारी मी गावी गेले. बेसची मोठी खोकी अंगणात उलटी ठेवली होती. एकाची मागची फळी सैल दिसली म्हणून मी ती सरकवली. आत पोत्यात गुंडाळलेले पाईप होते, सायकलची चेन होती आणि ऊस तोडायचे कोयते होते. कोयत्यांना नवी धार लावलेली होती. माय माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिला माहीत होतं.

"पोलिसाला सांगावं काय?" मी विचारलं.

"सांगितलं तर खोकं रिकामं करतील. ह्याच्या डोक्यातलं कोण रिकामं करणार?" माय म्हणाली. "एक मसणात जाईल अन् एक जेलात. कोण कुठं जातो तेवढंच राहिलं. तू एवढी शिकलीस. तुझ्याकडं काही असंल तर काढ."

ट्रॅक बनवायला मी नाही म्हणू शकले असते. पण मग त्यानं दुसरा कुठलातरी उतरवला असता आणि त्यात सायरन असताच. म्हणून मी तो बनवायचं ठरवलं.

आधी मी गेल्या वर्षीचा ट्रॅक लॅपटॉपवर घेतला आणि कानाला हेडफोन लावून बसले. फार वेळ ऐकवेना. दर वेळी सायरन आला की मला भावाची बोटं दिसायची. तरी ऐकला. तो ट्रॅक नुसता चढत होता. वरच्या पट्टीत, आणखी वरच्या पट्टीत, आणि कुठंच खाली येत नव्हता. म्हणता येईल अशी एक ओळ त्यात नव्हती. नाचणाऱ्याला परत यायला जागाच नव्हती. मामानं असा अंतरा बांधणाऱ्याला लाथ घातली असती. मॅडमनी काय म्हटलं असतं तेही मला माहीत होतं. गेल्या वर्षी तसंच तर झालं होतं. चढलेली माणसं उतरायची जागा न मिळाल्यामुळे एकमेकांच्या अंगावर उतरली.

तेव्हा मला सामन्याचा कायदा आठवला. समोरच्याचा मुखडा आधी उचलायचा. खालच्या गल्लीचा मुखडा म्हणजे ऑपरेटरच्या बापाचा. विहिरीवरचं त्याचं एक गाणं होतं, सगळ्या सामन्यांत तेच पहिलं यायचं. त्याचं रेकॉर्डिंग कुणाकडेच नव्हतं. मला चाल अर्धवट येत होती. पूर्ण येणारा माणूस एकच उरला होता.

मामाला लकवा झालाय. डावा हात गेला आहे, उजवा अजून चपळ आहे. मी बाजेजवळ बसून काय पाहिजे ते सांगितलं. त्यानं पाण्याचा पितळी गिलास उचलून माझ्या तोंडावर फेकला. तो भुवईवर बसला.

"त्याचा मुखडा? माझ्या तोंडून?"

"सामन्यात तुमी उचलतच होते ना."

"ते सामन्यात."

"हा सामनाच हाय, मामा."

"समोर कोण हाय?"

"त्याचा पोरगा."

मामानं भिंतीकडे तोंड केलं. माझ्या भुवईतलं रक्त डोळ्यात येत होतं. मग तो म्हणाला, "पेटी आण. अन् आधी ते रक्त पूस, पट्ट्यांवर पडंल."

मी मोबाईल त्याच्या उशाशी ठेवला. त्याचा आवाज फाटला होता, शब्द एका बाजूनं ओघळत होते. पण विरोधकाचा मुखडा त्यानं त्याच पट्टीत धरला, एक श्रुतीही न हलवता:

पानी वर आलं गं बाई, पानी वर आलं

आणि मग, दम घेऊन, त्यावरचा स्वतःचा जुना जबाब:

दोर ज्यानं वळला त्याचं नाव कुठं गेलं

ते म्हणताना तो हसला. "ह्या वळीला त्यानं मला स्टेजवर चप्पल दाखवली होती," तो म्हणाला. "अन् मग तीच वळ घेऊन पुढचा जबाब टाकला. मानूस बेकार होता, पर कायद्याचा होता."

ट्रॅक बांधायला मला बरेच दिवस लागले. सुरुवातीला भावासाठी दणके ठेवले, कारण तेवढं ऐकल्याशिवाय त्यानं तो घेतला नसता. मग दणके थांबतात आणि नुसत्या पेटीवर मामाच्या आवाजात खालच्या गल्लीचा मुखडा येतो. दुसऱ्यांदा तोच मुखडा येतो तेव्हा खाली ढोलकाचा केरवा सुरू होतो. तिसऱ्यांदा बेस येतो, पण फक्त समेवर. कोरस माझाच आहे, माझाच आवाज एकावर एक ठेवून केलेला. मग मामाचा जबाब, तो वर चढतो. आणि सगळ्यात वर गेल्यावर, जिथं सायरन यायचा, तिथं मी चार पूर्ण आवर्तनं रिकामी सोडली. पेटी नाही, ढोलक नाही, काहीच नाही. त्यानंतर खालच्या गल्लीचा मुखडा परत.

त्या रिकाम्या जागेची मला भीती वाटत होती. तेवढ्या वेळात चौकात काहीही होऊ शकतं. मी ती भरून काढली, परत रिकामी केली, परत भरली. पण चढून गेलेल्या माणसाला श्वास घ्यायला जागा पाहिजे. शेवटी ती रिकामीच ठेवली.

मिरवणुकीच्या सकाळी भावानं पेन ड्राइव्ह लावला. सुरुवातीच्या दणक्यांनी शेजारच्या घरावरचे पत्रे वाजायला लागले तसा तो खूश झाला.

"बराबर. सायरन कुठं हाय?"

"सायरन न्हाई टाकला. तिथं जागा रिकामी हाय. पुढं ऐक की जरा."

"ऐकत बसायला टाइम न्हाई. जागा हाय ना? मिक्सरवर बटण हाय सायरनचं. मी हातानं मारीन," तो म्हणाला, आणि पोरांना हाक मारून खोकी गाडीवर चढवायला लागला. कोणतं खोकं कुणी धरायचं ते त्यानं ठरवून ठेवलं होतं.

ज्या जागेत माणसांनी श्वास घ्यावा म्हणून मी जीव टांगणीला लावला होता, त्याच जागेत आता त्याचं बोट असणार होतं.

ऊन कलतं झालं तेव्हा दोन्ही गाड्या टाकीखाली आल्या. मी माझ्या जुन्या पायरीवरच उभी राहिले, माय बाजूला. ऑपरेटरनं आधी सोडलं. सायरन, दम, दणके. टाकीच्या लोखंडी जिन्याची प्रत्येक पायरी थरथरत होती. मधल्या जागेत पोरं भिडली. एकानं दुसऱ्याच्या पोटात कोपर घातलं, तो वाकला, त्याच्या पाठीवर तिसरा पडला. आमच्या गाडीच्या मागं फळी काढल्याचं मला दिसलं. पोत्याची सुतळी सुटली होती.

मग भावानं आमचा ट्रॅक सोडला. दणके बसले, आमची पोरं ओरडली. आणि दणके थांबून पेटी आली. मामाचा फाटका आवाज भोंग्यांतून चौकभर झाला. पानी वर आलं गं बाई.

पहिल्यांदा कुणाला काही समजलं नाही. दुसऱ्यांदा मुखडा आला तेव्हा खालच्या गल्लीच्या बायकांमधली एक म्हातारी, ऑपरेटरची आई, कपाळावर हात घेऊन आमच्या गाडीकडे बघायला लागली. तिसऱ्यांदा तिनं तो म्हटला. तिच्या शेजारणींनी म्हटला. ऑपरेटरनं स्वतःच्या मिक्सरवर हात ठेवला आणि त्याचा आवाज खाली खाली येत बंद झाला. कॉम्पिटिशनच्या हिशोबानं तो त्या क्षणी हरला होता. पण कुणी ओरडलं नाही.

भाऊ गाडीवर लालबुंद होऊन उभा होता. त्याला आता कळलं होतं की आपण कुणाचं गाणं वाजवतोय. ट्रॅक बंद करावा तर हार, चालू ठेवावा तर समोरच्याचा मुखडा. त्याचं बोट सायरनच्या बटणावर गेलं. खाली पोरं त्याच्या हाताकडे बघत होती. जबाब वर चढला, चढला, आणि रिकामी जागा आली.

ती रिकामी राहिली नाही. बायका गातच होत्या. खालच्या बायकांनी मुखडा म्हटला आणि आमच्या पायऱ्यांवरच्या, माझ्या बाजूच्या, माझी मायसुद्धा, सवयीनं मामाची ओळ म्हणून गेल्या. बायका भावाच्या डाव्या बाजूला होत्या. काहीतरी चाललंय हे त्याला तोंडं हलताना दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं. त्यानं मान फिरवून उजवा कान तिकडे केला. तेवढ्यात ती आवर्तनं संपली आणि मुखडा परत सुरू झाला. सायरनची वेळ गेली होती.

त्यानं बटण दाबलं नाही. त्यानं मिक्सरवरच लाथ घातली; तो एका बाजूनं फुटला, पण ट्रॅक वाजतच राहिला. मग त्यानं पाईप उचलला आणि उडी मारली. आधी तो माझ्याकडे आला.

"हे तू केलंस," असं म्हणून त्यानं उलट्या हातानं माझ्या तोंडावर मारलं. मी पायऱ्यांवरून खाली गेले. तोंडात दाताचा तुकडा आला. त्यानं माझ्या केसांना धरून मला उठवलं आणि परत हात उचलला. तोवर ऑपरेटर मधली जागा ओलांडून आला होता, हात मोकळे.

"हा आवाज मामाचा हाय का?" त्यानं मला विचारलं. भावाकडे त्यानं बघितलंच नाही. "मामानं म्हटला? माझ्या बापाचा मुखडा?"

भावानं मला सोडलं आणि पाईप त्याच्यावर घातला. ऑपरेटरनं मान बाजूला घेतली म्हणून डोकं वाचलं. पाईप खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. या वेळी तो दाबायला सायरन नव्हता. ऑपरेटर गुडघ्यावर बसला आणि ओकला.

मी खालच्या गल्लीकडे बघितलं. त्यांच्या हातात दगड होते. पण आमच्या गाडीवर त्यांचाच मुखडा वाजत होता आणि त्यांच्याच बाया तो म्हणत होत्या. त्यावर दगड कसा मारायचा हे त्यांना सुचेना. आमची पोरं सायरनची वाट बघत कोयत्यांपाशी उभी होती आणि सायरन काही वाजला नाही. भाऊ पाईप घेऊन मध्ये एकटाच उभा होता. मायनं जाऊन त्याच्या हातातून पाईप काढून घेतला आणि त्याच पाईपनं त्याच्या पोटरीवर एक दिला. तो खाली बसला.

दोन्ही घरांनी तक्रार दिली नाही. ऑपरेटरच्या खांद्यात ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवली. माझा दात बसवून झाला. भाऊ माझ्याशी बोलायचा बंद झाला. मी गावी गेले की तो ताट घेऊन ओट्यावर जायचा.

परवा शाळेला सुट्टी होती म्हणून मी मामाकडे बसले होते. भाऊ दाराशी फुटलेला मिक्सर उघडून बसला होता. तो मिक्सर दुरुस्त होणार नाही हे त्यालाही माहीत आहे. ऑपरेटर आला तो सरळ दारात उभा राहिला, एक हात गळ्यात बांधलेल्या झोळीत.

"काहून आलास?" भावानं मान वर न करता विचारलं.

"मामाकडं आलो. जबाब देणं बाकी हाय आमच्याकडनं. मामाचा मुखडा उचलायचाय. नीट येत न्हाई मला."

"खांदा?"

"वर जात न्हाई."

भाऊ पेचकस हातात फिरवत राहिला. तो पेचकस बराच लांब होता आणि मी त्याच्याकडेच बघत होते.

"येऊ दे त्याला," आतून मामा ओरडला. "बापापरीस उशिराच आला. त्याचा बाप तर दुसऱ्याच दिवशी यायचा, शिव्या देत."

भाऊ सरकला. ऑपरेटर आत येऊन बाजेशी बसला, भावाच्या डाव्या बाजूला. मी पेटी ओढली. मामानं ओळ सांगितली. ऑपरेटरनं ती म्हटली, चुकवली, परत म्हटली. मामाचा उजवा हात गिलासाकडे जाऊन परत आला.

"अय," भाऊ म्हणाला.

ऑपरेटर थांबला.

"इकडं येऊन म्हण," भावानं पेचकसनंच स्वतःची उजवी बाजू दाखवली. "तिकडून मला ऐकू येत न्हाई."

ऑपरेटर उठला, वळसा घालून दुसऱ्या बाजूला बसला, आणि मी भाता मारला.